बाबांची पिकअप आणि ताईची पाठ

माझी ताई काचा पोचवते. खिडक्यांच्या, दुकानांच्या दर्शनी भागाच्या, माणसाहून उंच असतात तसल्या. काचांचं दुकान बाबांनी काढलं. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांची जुनी पिकअप बावीस वर्षांच्या ताईच्या हातात आली. दादा नोकरीसाठी दूर, मी शाळेत, मग दुसरं होतंच कोण? त्याला आता सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मागच्या लाकडी घोडीवर उभ्या केलेल्या एकाही काचेला तिने रस्त्यात तडा जाऊ दिलेला नाही. याचं कौतुक आमच्या घरात कोणी केल्याचं मला तरी आठवत नाही.

ताई उंचीने माझ्या खांद्याला लागते आणि बाबा होते चांगले सहा फुटी. सीट घसरायला लागली तेव्हा बाबांनी ती आपल्या मापाला जागच्या जागी वेल्ड करून टाकली होती. ताईचा पाय क्लचपर्यंत पोचेना. मग तिने क्लचला आणि ब्रेकला लाकडी ठोकळे तारेने आवळले, पाठीमागे तीन उशा कोंबल्या आणि सीटच्या काठावर बसून गाडी हाकू लागली. बाबा असेपर्यंत "माझी सीट हलवायची नाही" हा हुकूम होता. बाबा गेल्यावर तीच सीट त्यांची आठवण झाली. हुकूम काय आणि आठवण काय, ताईच्या पाठीला दोन्ही सारखंच.

गाडीला गंज तर असा लागला होता की पायाखालच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून रस्ता पळताना दिसायचा. दाराची खालची कड बोट लावलं की भुगा होऊन हातात यायची. ताई त्यावर रबरी मॅट टाकायची आणि म्हणायची, "अगं, हवा येते छान." पण गेल्या वर्षी तिची पाठ अशी धरली की सकाळी तिला पलंगावरून मी उठवायची. डॉक्टरांनी साफ सांगितलं, पाठ टेकून बसता येत असेल तर गाडी चालवा, नाहीतर आजपासून बंद. ताईचा चेहरा पडला. दुकानात बसून गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिला बापजन्मी जमलेलं नाही. तिचा सगळा जीव त्या स्टिअरिंगमागे.

हे तिने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दादासुद्धा तिथेच होता. नुकताच नोकरीतून मोकळा होऊन परत आला होता आणि वेळ कसा घालवावा या विवंचनेत होता. तो ताडकन म्हणाला, "तू काळजीच करू नकोस. गाडी अशी करून देतो की घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला तर भरूनच आलं.

चार महिने गाडी गॅरेजात होती. ताई भाड्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून जायची आणि प्रत्येक खड्ड्याला "हळू, हळू" करत जीव मुठीत धरायची. दादा रोज गॅरेजात. आज खालचा पत्रा बदलला, आज दारं नवी बसवली, आज स्टिअरिंग एका बोटाने फिरेल असं केलं, आज आवाज येऊ नये म्हणून आतून जाड नमदा चिकटवला. जेवताना दुसरा विषय नाही. मी एकदा विचारलं, "ताईला नेलंस का दाखवायला?" तर म्हणाला, "छोटे, तुला कळत नाही. सरप्राइज आहे ते."

सरप्राइजच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. गाडी खरोखर देखणी झाली होती, नाही म्हणणार नाही. आकाशी रंग, बाबांच्या वेळचा. मेस्त्री फडका घेऊन बाजूला उभे. दादाने दार उघडलं, ताई चढली, हसत हसत मागे रेलली आणि तिचे पाय हवेत लोंबकळायला लागले.

लहान मुलीसारखे. मग ती पुढे सरकली, आणखी सरकली, पार काठावर आली. तिने खाली वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "माझे ठोकळे कुठे आहेत?"

"ते? टाकले की," दादा म्हणाला. "आणि त्या कळकट उशाही. सीट मात्र बघ, नवीन गादी, नवीन कव्हर, पण जागा अगदी बाबांची. बोटभर हलू दिली नाही."

"साहेबांना बसवूनच माप घेतलं," मेस्त्री कौतुकाने म्हणाले. "साहेबांची उंची अगदी वडिलांसारखी आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिवणकाम करते. साधा उशीचा अभ्रा शिवायचा तरी मी उशी मागून घेते. आणि इथे चार महिने, एवढा खटाटोप, आणि माप कोणाचं? जो आयुष्यात ती गाडी चौकापर्यंतसुद्धा घेऊन गेला नाही त्याचं! मी दादाला नको नको ते बोलले. मेस्त्रींनाही सोडलं नाही. ते म्हणाले, "ताईंनी आधी सांगायचं ना." सांगायचं म्हणे! ठोकळे तारेने बांधलेले होते, तार कापली ती यांच्याच पकडीने. ठोकळा कशासाठी आहे हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही?

दादाचा चेहरा उतरला. "तुला आनंद होईल असं वाटलं," तो ताईला म्हणाला. "बाबांची बसायची जागा आहे ती. ती कापायची?"

ताई आजवर कधी उलटून बोललेली नाही. ती खाली उतरली आणि पदराने हात पुसले.

"दादा, बाबांनी ही गाडी नऊ वर्षं चालवली."

"हो ना, म्हणून तर मी..."

"मी सव्वीस."

ताई मेस्त्रींकडे वळली. "कापा," म्हणाली.

मेस्त्रींनी दादाकडे पाहिलं. बघा, तेव्हासुद्धा त्यांनी दादाकडेच पाहिलं! मी म्हटलं, "तिकडे काय बघताय? चालवणारी इकडे उभी आहे." मग त्यांनी मुकाट्याने ग्राइंडर लावला. ठिणग्या उडत होत्या आणि दादा पाठ फिरवून उभा होता. भंगारातल्या एका मोटारीची सीटखालची सरकती पट्टी काढून लावली. ताईला बसवलं. गळ्यात टेप होतीच माझ्या, मी टाचेपासून गुडघ्यापर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत तिचं माप घेतलं. सीट वीतभर पुढे आली, चार बोटं वर गेली. मेस्त्रींनी बोल्ट आवळले आणि हात पुसत म्हणाले, "झालं."

निघताना मी मुद्दाम घड्याळ पाहिलं. दीड तास लागला होता.

परत येताना गाडी ताईच चालवत होती. तिची पाठ सीटला टेकलेली होती, पाय सरळ क्लचवर. गाडी खड्ड्यांतूनही अलगद जात होती. मला वाटलं, खूश आहे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी बघितलं तर डोळे भरलेले.

"दुखतंय का गं?" मी घाबरून विचारलं.

तिने मान हलवली. "नाही," म्हणाली. "काहीच दुखत नाहीये." आणि मग, सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न मारायला लागले तरी तशीच समोर बघत म्हणाली, "दीड तासाचंच काम होतं होय गं हे?"