अंदाजकाकांचे दोन पुडे

बेकरीच्या गाडीवाल्या काकांना सगळे अंदाजकाका म्हणायचे. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ताईंनी वीस वर्षांत त्यांच्याकडे ब्रेड कधी मागितलाच नव्हता. काका यायचे, फळीकडे बघायचे आणि स्वतःच ठरवून पुडे मांडायचे. उरलेले परत नेणारेही तेच. आणि उरायचे किती? दोन! रोज दोनच कसे, बाई, याचं ताईंना भारी नवल.

"सगळे संपले तर मला काय कळणार?" काका म्हणायचे. "किती जण हात हलवत परत गेले, ते रिकामी फळी सांगत नाही."

मग कॉलेजला सुट्टी लागली आणि पहिल्याच दिवशी तिसातले सहा उरले. माल असाच परत आला तर काकांची फेरी बंद, अशी तंबी बेकरीने नुकतीच दिली होती. ताईंनी गुपचूप सहाही पुडे घरी नेले. रिकामी फळी बघून काकांनी दुसऱ्या दिवशी चौतीस मांडले, तिसऱ्या दिवशी अडतीस. घ्या! घरात तिन्ही त्रिकाळ ब्रेड. नवरा म्हणाला, "अगं, दया कर, आता मीच फुगायला लागलोय."

चौथ्या दिवशी काकांनी पुडे मांडायच्या आधीच विचारलं, "ताई, काल चौदा पुडे घरी नेलेत ना?"

"अगंबाई! कुणी सांगितलं?"

"माझी बाकीची अकरा दुकानं खरं बोलतात. सगळीकडे खप सातव्या हिश्शाने उतरला, मग इथला अठ्ठाविसाचा चोविसाच्या वर राहील कसा?" त्यांनी रिकाम्या फळीवरून हात फिरवला. "माझ्यासाठी केलंत, कळतंय. पण फळीच खोटं बोलली तर मी आंधळाच की हो! बेकरीचा संगणक आज बेचाळीस मांडा म्हणतोय. मी सव्वीस मांडतो. उद्या साहेब स्वतः बघायला येतोय. चुकलो, तर गाडीची किल्ली गेली."

ताईंच्या अंगावर काटा आला. न बघता यांना दिसतं तरी कसं!

दिवसभर ताईंचा जीव फळीवर टांगलेला. संध्याकाळी सात राहिले, दिवे लागल्यावर तीन. शेवटी एक म्हातारी येऊन एक घेऊन गेली.

दुकान बंद करताना नवऱ्याने सवयीने पिशवी उघडली. ताईंनी त्याच्या हातावर फटका मारला. "खबरदार! ते काकांचे आहेत."

सकाळी साहेबाने आल्याआल्या काकांकडून गाडीची किल्ली मागून घेतली आणि फळीवरचे दोन पुडे मोजले. पुन्हा मोजले. मग किल्ली परत काकांच्या हातात ठेवली.