वरचे पाच

सावकाशदादांना खोटं बोलताना मी बावीस वर्षं ऐकलं, आणि त्यातलं एकही मला कधी खोटं वाटलं नाही. मी त्यांच्या मोहिमांचा आचारी. ते पाहुण्यांना डोंगरावर न्यायचे आणि त्यांच्या पोटात चार घास जातील हे मी बघायचो. त्या उंचीवर दोन्ही कामं सारखीच कठीण. पण मोहिमेच्या फोटोत आचारी कधी दिसत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

त्यांचं खरं नाव वेगळं. चढावर दर वीस पावलांनी मागे वळून "सावकाश" म्हणायची त्यांना सवय, म्हणून ऑफिसपासून खेचरवाल्यांपर्यंत सगळ्यांनी हेच नाव धरलं. बुटका, रुंद पंजांचा माणूस. चिडला की ओरडायचा नाही, गप्प व्हायचा, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असायचं. बायको लवकर गेली. एकुलत्या मुलाला उंची सोसेना, तो खाली रस्त्यावर जीप चालवायला लागला. डोंगर आला तो सुनेच्या वाट्याला. लग्नाआधी ती एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. डॉक्टर सांगतील ते टिपायचं, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. तीन वर्षांपूर्वी तिने वाटाड्याचा परवाना काढला, तेव्हा दादांनी ऑफिसभर पेढे वाटल्यासारखा चेहरा करून फक्त एवढंच म्हटलं की बरं झालं.

आता ते खोटं काय ते सांगतो. मुक्कामावर दुपारचा चहा झाला की जेवणाच्या तंबूत सगळे पाहुणे ओळीने बसायचे. दादा एकेकाचं बोट आधी आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायचे, कारण गार बोटावर ऑक्सिमीटर भलतंच दाखवतो. मग यंत्र लावायचे. खाली आपल्या सगळ्यांच्या रक्तात ऑक्सिजन अठ्ठ्याण्णवच्या आसपास असतो. वर तो ऐंशीवर आला तरी चांगला म्हणायचा. पण हे शहरातल्या माणसाला कितीही समजावा, आकडा ऐकला की तो घाबरतो. दादांच्या सुरुवातीच्या काळात एका धडधाकट पाहुण्याने आपला आकडा चौऱ्याहत्तर ऐकला आणि जेवण सोडलं. झोपेना, स्वतःची नाडी धरून बसला. तिसऱ्या दिवशी त्याला खेचरावर बांधून खाली न्यावं लागलं. त्याला झालं काहीच नव्हतं, भीतीने अर्धमेला झाला होता.

तेव्हापासून दादा तोंडाने पाच वाढवून सांगायचे आणि वहीत खरा आकडा लिहायचे. वहीत बहात्तरच्या खाली कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खाली धाडायचे. कारण काहीही सांगायचे, गुडघा म्हणायचे, हवामान म्हणायचे, पण पाहुणा रडला, भांडला तरी ऐकायचे नाहीत. जुने मदतनीस वही वाचताना हसायचे आणि म्हणायचे, वरचे पाच दादांचे. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. शेजारी उभं राहून ते आपोआप कळायचं.

त्या खेपेला अकरा पाहुणे होते. त्यांत दातांच्या डॉक्टरीणबाई, वय छप्पन्न, चाल मंद पण पक्की. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टॉर्च घेऊन माझं तोंड उघडायला लावलं आणि दाढेवरून अशी खरडपट्टी काढली की आईनेही कधी काढली नसेल. वर लवंग धरायला दिली. मला त्या फार आवडल्या. रोज संध्याकाळी दोन मिनिटं त्या सॅटेलाइट फोनवरून नवऱ्याशी बोलायच्या.

खिंडीखालच्या मुक्कामाकडे निघाल्या निघाल्याच दादांचा काळा चष्मा दगडावर पडून फुटला. दिवसभर बर्फावरचं ऊन डोळ्यांत गेलं. डोळे लाल, पाण्याने भरलेले. यंत्रावरचे मोठे आकडे कसेबसे दिसत होते, वहीतली ओळ दिसत नव्हती. म्हणून वही सूनबाईकडे दिली. ते आकडे पुकारत गेले, ती चार हात लांब बसून लिहीत गेली.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आजवर ती वेगळ्या तुकड्या न्यायची, आणि या खेपेलाही आकडे मापताना ती बाहेर तंबू बघत असायची. दादांना वाटलं, घरचीच आहे, तिला ठाऊक असणारच. मला वाटलं, दादांनी सांगितलं असेल. परक्या मदतनिसाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. घरच्या माणसाला घरची गोष्ट कोण सांगत बसतं?

अंधार पडायच्या आत तिने त्यांना वही वाचून दाखवली. स्वतः मापलेले आकडे त्यांना आठवायला नकोत का, असं खाली गादीवर बसून कुणीही विचारेल. त्या उंचीवर मी भाजीत मीठ घातलं की नाही हे विसरतो. म्हणून तर वही. सगळं ऐकून दादा खूश झाले. माझ्या स्टोव्हजवळ येऊन म्हणाले, "या खेपेची मंडळी तगडी आहेत, आचारीबुवा. एकालाही खाली धाडायचं नाही." मीही खूश झालो. मला वाईट बातमी सांगून कुणाला सूप पाजायला आवडत नाही.

त्या खिंडीचा एक वाईट गुण आहे. पलीकडे उतार नाही. वर चढलात की पुढे दिवसभराचं सपाट माळरान, तेवढंच उंच, आणि मागची चढण इतकी उभी की पाठीवर माणूस घेऊन उतरता येत नाही. बिघडलेला माणूस लवकर खाली आणायला वाटच नसते. दुसऱ्या दिवशी त्या माळावर, सकाळी अकराच्या सुमाराला, डॉक्टरीणबाई अडखळायला लागल्या. उजवा हातमोजा डाव्या हातात घालत होत्या आणि हसत होत्या. दादांनी यंत्र लावलं, बघितलं आणि कुणाला आकडा सांगितला नाही. आमचा एकुलता सिलिंडर लावला. त्यांना पाठीवर घेतलं. मग मी, मग सूनबाई, मग पुन्हा दादा. दुपारी मेंढपाळांच्या दगडी आडोशाशी पोचलो, तोवर बाई गेल्या होत्या. मी पुढे जाऊन पाणी तापवलं होतं. ते मी कुणाला प्यायला दिलं नाही, ओतून टाकलं.

आमचं ऑफिस एका चपला शिवणाऱ्याच्या दुकानावर आहे. लाकडी जिना, वर दोन खोल्या. मागच्या खोलीत दोरीवर झोपायच्या पिशव्या वाळत असतात आणि छताच्या हुकाला सामान तोलायचा काटा लटकतो. परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिथे भांडी घासत होतो. सूनबाई खिडकीपाशी बसून परवाना खात्यासाठी वहीची नक्कल काढत होती. ती थांबली आणि समोर बसलेल्या दादांना म्हणाली, "बाबा, बाईंचा आकडा शहात्तर होता. शहात्तरला असं होतं का हो?"

दादा म्हणाले, "शहात्तर कुठलं? मी शहात्तर म्हणालो म्हणजे एक्काहत्तर. तू पाच वजा केले नाहीस?"

"कशातून वजा करायचे?"

मी पातेलं खाली ठेवलं. दादांनी तिच्या हातून वही घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि अकराच्या अकरा आकडे बोट ठेवून वाचले. मग ती मिटून तिच्यासमोर ठेवली आणि जिना उतरून निघून गेले. सूनबाई रडली नाही. तिने मला विचारलं की तुम्हाला ठाऊक होतं का. मी हो म्हणालो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गंमत अशी की त्या वहीनेच आम्हा सगळ्यांना वाचवलं. ऑफिसचा मॅनेजर तर ती छातीशी धरून फिरत होता. आदल्या दिवशी शहात्तर, म्हणजे वाटाड्याचं काही चुकलं नाही, एकाएकी बिघडलं, असं खात्याचा माणूसही म्हणाला. खरं आम्हा तिघांनाच माहीत होतं. एकाच घरात दोन परवाने, दोन्ही गेले तर घर जीपच्या भरवशावर. मी दादांना सांगितलं की झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई काही परत येणार नाहीत. त्यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. सूनबाई म्हणत होती, "अक्षर माझं आहे, चूक माझी आहे, मी जाऊन सांगते." तिला मात्र ते लगेच बोलले, की तू कुठेही जायचं नाहीस. त्या दोन आठवड्यांत त्या घरात जेवायला बसल्यावर कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी जायचो, आमटीभात खाल्ल्यासारखं करायचो आणि निघायचो. मला त्यांचा रागही येत होता. आकडा वाढवायची अक्कल होती, तर सुनेला सांगायची का नव्हती? आणि मग आठवायचं की तोंड मलाही होतं.

बाई गेल्यापासून एकविसाव्या दिवशी त्यांचे यजमान आले. गुडघ्याचा त्रास, जिना चढायला त्यांना वेळ लागला. मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी तक्रार केली नाही. म्हणाले, मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. निघण्याआधी बायकोने त्यांना शब्द दिला होता की आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला तर ती परत फिरेल. आदल्या संध्याकाळी फोनवर तिने शहात्तर सांगितला. पण ती हट्टी होती. मागे एकदा ताप लपवून सहलीला गेली होती. "ती माझ्याशी खोटं बोलली, असं मी धरून चाललोय. तीन आठवडे मी तिच्यावर चिडून आहे. तिच्या कपाटाला हात लावलेला नाही."

मॅनेजरने वही उघडून पुढे सरकवली. शहात्तर. ते वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले की लिहिलेलं कसंही असू शकतं. मग दादांकडे वळले. "तुम्ही मापलंत ना? तुम्ही सांगा."

नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. बाई खोटं बोलल्या नव्हत्या, हे तर खरंच होतं. माणूस हलका होऊन घरी गेला असता, परवाने राहिले असते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, दादा, एवढं एक जाऊ द्या.

दादा उठून उभे राहिले. "त्या खोटं बोलल्या नाहीत. मी बोललो. त्यांचा आकडा एक्काहत्तर होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं, घाबरलेल्या पाहुण्यापासून फुटलेल्या चष्म्यापर्यंत. सुनेला सांगायचं राहिलं ते आपल्याकडूनच, हेही सांगितलं. मॅनेजर दोनदा मध्ये बोलायला गेला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

यजमानांनी विचारलं, "म्हणजे खरं सांगितलं असतंत, तर ती परत फिरली असती?"

"हो. आणि खरं लिहिलं गेलं असतं, तर मीच पाठवलं असतं."

त्यांनी वही मिटून मॅनेजरकडे सरकवली. खालून चपलेवर हातोडी पडल्याचे आवाज येत होते. मग काठी टेकत उठले, आणि दारापाशी पोचल्यावर सूनबाईला म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"त्यांनी सांगितलं तसंच?"

"हो."

"तिनेही मला तसंच सांगितलं," ते म्हणाले. "तिलाही वाटलं असेल, माणूस कशाला खोटं सांगेल."

दादा तिथेच उभे होते. त्यांच्याकडे न बघता ते जिना उतरले.