मला ऐकू न आलेली हाक

या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला येत होते. तेही खरं सांगायचं तर करमणूक म्हणून... कुणाला घाटात बाई दिसली, कुणाची गाडी स्मशानाजवळ आपोआप बंद पडली. मी वाचायचे आणि मनात म्हणायचे, बॅटरी उतरली असेल. माझी नोकरीच तशी आहे. मशीन आपोआप बंद पडत नाही, कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही — एवढंच मला येतं.

गेल्या वर्षी माझ्या घरात जे झालं त्याचं कारण मात्र मला सापडलेलं नाही. म्हणून लिहितेय.

मी सोलापूरची. साखर पेठेत आमचं घर आहे. खाली यंत्रमागाचा गाळा, तो भाड्याने दिलाय. वर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, असं आमचं पहिल्यापासून. आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली. राहिलो दोघीच — मी आणि अक्का, माझी थोरली बहीण.

अक्काला जन्मापासून ऐकू यायचं नाही. त्यामुळे बोलणंही कधी आलं नाही. ती टॉवेलच्या कडा शिवायची, मला वाढवलं तिनेच, माझी वेणी घालून शाळेत सोडलं तिनेच. बोलायची हातांनी. शिकलेली खुणांची भाषा नव्हती ती, आमची घरचीच होती. खालचे माग थांबले की माझ्याआधी तिला कळायचं, पायाच्या तळव्यांतून. हसली की आवाज यायचा — घोगरा, निम्मा श्वासच. पण शब्द असा तिच्या तोंडून मी आयुष्यात ऐकला नाही.

मी पुण्याच्या एका कंपनीत आहे. लॉकडाऊनपासून घरूनच काम करते. काम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये, अगदी आतल्या थरात. मोठे सर्व्हर बंद न करता त्यांना मेमरी जोडता येते, काढताही येते. त्याला मेमरी हॉटप्लग म्हणतात. जोडणं सोपं. काढताना मात्र त्या भागात जे जे ठेवलंय ते आधी दुसरीकडे हलवावं लागतं, बिऱ्हाड हलवावं तसं, आणि सगळं हललं की मगच तो भाग काढता येतो. आमच्याकडे एक बग आला होता. शंभरदा काढा-घाला केली तर एखाद्या वेळी एकच पान, म्हणजे मेमरीचा एक लहानसा तुकडा, हलायचं नाही. कुणीतरी ते धरून ठेवलंय असं कर्नल सांगायचं. कुणी, ते सांगायचं नाही. मशीन तिथेच लटकायचं.

त्यावर मी आणि प्रसाद होतो. प्रसाद नाशिकचा, पुण्यात राहतो. दिवसचे दिवस आमचा कॉल चालू. खाली मागांची खटखट असते म्हणून मी माइक म्यूटच ठेवते, बोलायचं असेल तेवढाच उघडते. आणि मी बोलत असले तरी अक्का यायचीच. कानाला हेडफोन, मान स्क्रीनमध्ये... मग ती टेबलावर बोटांनी दोनदा ठोकायची. टक-टक. मी वर बघितलं की तळहात आडवा फिरवायची — पुरे. मग दोन बोटं वर — ऊठ. रोज. अगदी रोज. जेवायला, चहाला, नाहीतर नुसतंच, मी फार वेळ बसले म्हणून.

प्रसादला ते टक-टक ओळखीचं झालं होतं. "जा, तुझ्या अक्का आल्या," म्हणायचा. ती बोलत नाही हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मुद्दाम नाही... विषयच निघाला नाही.

पावसाळा संपता संपता अक्काला ताप आला. डेंग्यू. दोन-तीन दिवस घरीच काढले, मग प्लेटलेट झपाट्याने उतरल्या आणि ॲडमिट केलं. आयसीयूत दोन्ही हातांना सुया, त्या हलू नयेत म्हणून हात पलंगाला बांधलेले. इतरांना तो साधा उपचार वाटेल. पण तिची भाषा हातांत होती हो. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला काही बोलता येत नव्हतं.

मी नर्सना म्हटलं, "सिस्टर, एक हात सोडा ना. ती हातांनी बोलते."

त्या बिचाऱ्या लगेच आल्या. उजवा हात सोडला, मनगट धरून माझ्या हातात दिला. अक्काने बोटं उचलली. अर्धीच. काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, पुन्हा कर अक्का, पुन्हा... ती ओठ वाचायची, म्हणून अगदी तोंडासमोर जाऊन म्हटलं. तिने पुन्हा केलं, पण बोटांत ताकद नव्हती. मला नाही कळलं. एवढी वर्षं तिची एक खूण मला चुकली नव्हती, आणि ती नाही कळली.

संध्याकाळी ती गेली.

सगळे विधी झाले, पाहुणे गेले, आणि मी पुन्हा कामावर बसले. घरात करायचं काय? प्रसादला अक्का गेल्याचं माहीत होतं. म्हणाला, "बग अजून आहे तिथेच आहे. वाटलं तर ये, नाहीतर मी बघतो." मला बरं वाटलं. मी कॉलवर गेले.

ती दुपार होती. लख्ख ऊन, खाली माग चालू. प्रसाद स्क्रीन शेअर करून ट्रेस, म्हणजे मशीनने काय काय केलं त्याची नोंद, वाचत होता, एकेक ओळ मोठ्याने. मी म्यूटवर ऐकत होते. दाराला आतून कडी होती. हे मी नंतर पाहिलं आणि शेजारच्या नरसम्माकाकूंनीही पाहिलं, कारण त्यांना मीच कडी काढून आत घेतलं.

वाचता वाचता प्रसाद थांबला. अगदी सहज म्हणाला, "श्रीलता, जा गं, बोलावतायत तुला. मी तोवर पुढचा रन लावतो."

मी माइक उघडला. "कोण बोलावतंय?"

"घरात कुणी आलंय ना? बाईंचा आवाज आला. आधी टेबलावर ठोकल्यासारखं झालं, मग हाक मारली."

मी मागे वळून बघितलं. खोली रिकामी. हात टेबलावरच होते माझे, काही जाणवलं नव्हतं. उठून स्वयंपाकघरात गेले. ओटा कोरडा, गॅस बंद. गॅलरीत कुणी नाही. परत येऊन खुर्चीत बसले.

"प्रसाद, घरात कुणी नाही. आणि माझा माइक बंद होता."

"नसेल. मला स्पष्ट ऐकू आलं ना."

"काय म्हणाल्या?"

"अगं मला काय कळणार, तुमच्या तेलुगूत असावं. चिट्टी... असं काहीतरी. मग 'चालू'. मग 'ले'. मला वाटलं मशीन चालू आहे का विचारतायत."

चिट्टी म्हणजे मी. धाकटी. घरातलं नाव.

आणि तेलुगूत 'चालु' म्हणजे चालू नव्हे. 'चालु' म्हणजे पुरे. 'ले' म्हणजे ऊठ.

मी कॉल कट केला. मग नरसम्माकाकूंना हाका मारल्या. त्या धापा टाकत जिना चढून आल्या. मी विचारलं, तुम्ही मला बोलावलंत का आत्ता?

"न्हाय गं पोरी. मी खालीच बसले होते की सगळ्यांसंगं. का गं? काय झालं? आन् कडी लावून का बसतीस एकटी?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी प्रसादला फोन करून सगळं सांगितलं. अक्का बोलू शकत नव्हती, हे पहिल्यांदा सांगितलं. त्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "असं कसं होईल? मी ऐकलं गं, श्रीलता. शपथ."

आता तुम्ही जे विचाराल ते सगळं मी विचारून झालंय. कॉलचं रेकॉर्डिंग होतं, आम्ही दोघांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात प्रसाद ट्रेस वाचतोय, थांबतो, आणि "जा गं, बोलावतायत" म्हणतो. त्याआधी काहीच नाही. माझ्या नावापुढे म्यूटची लाल खूण सबंध वेळ दिसते. त्याच्या घरात तेव्हा कुणी नव्हतं. तेलुगू त्याला येत नाही. चिट्टी हे नाव पूर्वी कधी जिन्यातून काकूंनी मारलेल्या हाकेत त्याच्या कानावर पडलं असेल, मान्य. पण पुढचे दोन शब्द? असे जोडून ते या घरात कुणी तोंडाने म्हणतच नव्हतं. ते हातांनी म्हटले जायचे. आई म्हणायची नाही — आई जेवायला हाक मारायची ती वेगळी, तिला टेबलावर ठोकायची गरज कधी पडली नाही.

काकूंना नंतर सांगितलं तेव्हा त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तिला तिकडं तोंड फुटलं बघ." त्यांच्यासाठी तेवढं पुरलं. मला पुरत नाही.

बग काही दिवसांनी सापडला. एका ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, ते पान वापरायला घेतलेलं असायचं, आणि मध्येच एक विशिष्ट एरर आली तर परत सोडायचंच राहून जायचं. एका ओळीची दुरुस्ती. प्रसाद खुशीत ओरडला, मीही हसले बहुतेक. सगळे बग असेच असतात — सापडला की वाटतं, एवढंच होतं?

या दुसऱ्या गोष्टीत मला ती ओळ सापडत नाही. पुष्कळ जण सांगतात, दुःखात भास होतात. होतात ना, मला माहीत आहे. पण मग भास व्हायचा तर तो मला व्हायला हवा होता. अक्का माझी होती. मी त्या खोलीत होते. जन्मभर मला तिच्या तोंडून एक शब्द हवा होता, लहानपणी तर मी तिचे ओठ बोटांनी हलवून बघायचे, काही निघतं का म्हणून. आणि तिने हाक मारली, तर ती पुण्यात बसलेल्या एका परक्या माणसाला ऐकू गेली आणि मला नाही. असं का? कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा.

मी प्रसादला विचारत राहिले, आवाज कसा होता. सुरुवातीला तो टाळायचा. मग एकदा दुपारी फोनवर विचार करून म्हणाला, "बारीक नव्हता. जरा घोगरा. म्हणजे... आवाज कमी, श्वास जास्त. रागावलेल्या नव्हत्या. 'ले' जरा लांबवलं होतं."

त्याने तिला हसताना कधी ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "प्रसाद, म्हणून दाखव ना."

"मी? अगं, माझा आवाज कसला... मला नाही जमणार."

"जमेल तसं."

तो चांगला सहा फुटी, दाढीवाला, भारदस्त आवाजाचा माणूस. त्याने घसा खाकरला. थांबला. मग आवाज खाली आणून, लाजत, चाचपडत म्हणाला, "चिट्टी... चालु... लेऽ."

मी डोळे मिटून घेतले होते.

"असं होतं?"

"साधारण असंच. श्रीलता... रडू नकोस ना."

"नाही रडत," मी म्हटलं. "पुन्हा एकदा म्हण."