सलाइनची झोळी

उत्तर सीमेवरच्या फील्ड हॉस्पिटलची पोस्टिंग आली तेव्हा मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. दर्यापूरला आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "थंडी राह्यते म्हन्तात तिकडे. स्वेटर घेजो."

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. आईबरोबर लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायचे. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी, म्हणजे दोन्ही हात मोकळे. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघायची. वर्गातल्या मुली रस्त्याने दिसल्या की मी तुरीच्या ओळीत लपायचे. खांद्यावर स्टार लागले त्या दिवशी ठरवलं, ही झोळी पुन्हा कमरेला लावायची नाही.

हॉस्पिटलात नायक इमरान नर्सिंग असिस्टंट होता. अकोल्याच्या जुन्या शहरातला. माझं हिंदी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, तुमी वऱ्हाडच्या ना?"

"नायक, वॉर्डचा रिपोर्ट द्या."

त्याने दिला, पण गालातल्या गालात हसत.

जानेवारीत एका सकाळी रेडिओवर मेसेज आला. "पॅट्रोलवर बर्फ कोसळला. तीन कॅज्युअल्टी. ओव्हर." तिघांना आणलं तेव्हा त्यांची अंगं लाकडासारखी गार होती. त्यात जनरेटर बंद पडला आणि सलाइन गरम करणारं मशीनही थांबलं.

आमचे डॉक्टर मेजर ओरडले, "थंड सलाइन लावू नका. हार्ट बंद पडेल!"

बुखारीच्या शेगडीजवळ पिशव्या एका बाजूने पोळत होत्या, दुसऱ्या बाजूने गारच. अंगाची ऊब हाच उपाय होता. पण हात कामाला हवे होते. मी चादर फाडली, कोटाच्या आतून कमरेला झोळी बांधली आणि पिशव्या पोटाशी भरल्या.

इमरान बघतच राहिला. "मॅडम, वेचनी करून राहिल्या काय?"

"हो. पाह्यतं काय? तू बी बांध!"

युनिफॉर्ममध्ये मी पहिल्यांदाच वऱ्हाडी बोलले. थोड्या वेळात मेजरसाहेबांसकट सगळ्यांच्या पोटाशी झोळ्या होत्या. कोमट झालेली पिशवी पेशंटला, गार पिशवी झोळीत. संध्याकाळी तिघेही एकेक करत कुडकुडायला लागले. शरीर पुन्हा स्वतःची ऊब तयार करू लागलं की असं होतं. इतकी देखणी हुडहुडी मी जन्मात पाहिली नाही. काही दिवसांनी तिघेही आपल्या पायांनी घरी गेले.

पुढच्या महिन्यात आमच्या ॲम्ब्युलन्सवर दरड कोसळली. इमरानने पेशंटला बाहेर ढकललं. तो स्वतः आतच राहिला.

पुढे मी लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि अकोल्यात नर्सिंग कॉलेजची प्राचार्य झाले. नव्या बॅचला मी आधी झोळी बांधायला शिकवते. यंदा दर्यापूरकडची एक मुलगी हळूच येऊन म्हणाली, "मॅडम, माही माय वेचनीले जाते. कोनाले सांगू नका." मी तिलाच पुढे उभं केलं. झोळी सगळ्यात पक्की तिनेच बांधली. मी म्हटलं, "मीही वेचनीवालीच आहे." मग तीच मान वर करून दुसऱ्या मुलींना गाठ शिकवू लागली. मला फार अभिमान वाटला.

दर नव्या बॅचचं पहिलं बीपी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, इमरानच्या अम्मीचं घेतलं जातं. यंदा तो मान त्या मुलीला दिला. अम्मीने हात पुढे केला. पट्टा सुटल्यावर ती म्हणाली, "हाथ तो मेरे इमरान से भी हलका है तेरा."

मुलीने विचारलं, "इमरान कोन?"

अम्मीने भिंतीवरच्या युनिफॉर्ममधल्या फोटोकडे बोट दाखवलं.

"तेरा सीनियर."