सिंथेसायझर आईंना ओळखायचा

माझे धाकटे दीर दिवसा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचे आणि लग्नसराईत, गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांचा सिंथेसायझर जपानी बनावटीचा, माझ्या वयाचा. मुंबईच्या कुठल्यातरी बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला. इतका जड, की हलवायला दोन माणसं लागायची. हल्लीच्या कीबोर्डांमध्ये आवाज आधीच भरून ठेवलेले असतात. यात काहीच भरलेलं नसायचं. विजेचा दाब कमीजास्त होईल तसा आवाज त्या क्षणी जन्माला यायचा. त्यामुळे थंडीत तो एक सूर लावायचा आणि उन्हाळ्यात दुसरा. भाऊजी त्याला शिव्या घालत, थोपटत वाजवायचे.

हृदयविकाराचा झटका येऊन भाऊजी गेले. लग्न झालेलं नव्हतं. त्यांची खोली तशीच राहिली आणि सिंथही चादरीखाली तसाच राहिला.

दोनेक वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, त्यांच्या ऑर्केस्ट्रातले ऑक्टोपॅड वाजवणारे एक मित्र घरी आले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याच लाइनमधल्या. एकदा उघडून बघा ना. वाजला तर तो असल्यासारखं वाटेल आम्हाला."

मी चाकणला एका कंपनीत गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासते. बिघाड शोधणं हेच रोजचं काम, म्हणून मी हो म्हटलं. पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आले की जेवायचं आणि भाऊजींच्या खोलीत जाऊन बसायचं, असा क्रम सुरू झाला. आतली धूळ आणि झुरळांची अंडी साफ केली. फुगलेले कपॅसिटर काढून नवे लावले. एका दुपारी पट्टी दाबली आणि स्पीकरमधून घोगरा, जाड आवाज आला. मला हसू फुटलं. आता सूर जुळवायचे राहिले होते. त्यासाठी हे यंत्र आधी बराच वेळ चालू ठेवून तापू द्यावं लागतं. मी ते चालू ठेवलं आणि शेजारी मीटर घेऊन बसले.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहा घेऊन आल्या. त्यांनी उंबरा ओलांडला आणि सिंथ वाजला.

पट्टीला कुणाचाही हात नव्हता. आधी खोलवरून आल्यासारखा एक "ऊं", मग आई जवळ येतील तसा तो वर वर चढत गेला. झोपेतून उठवलेलं माणूस कण्हतं तसा. आई जागच्या जागी थांबल्या. त्या मागे सरकल्या, तसा सूरही खाली उतरला. त्यांनी दाराची कडी धरली आणि आवाज बंद झाला.

"काय केलंस गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आई. जुनं आहे. कुठंतरी जोड सैल असेल."

पण मी सगळे जोड हलवून पाहिले, बोर्डावर टिचक्या मारल्या, टेबल हलवलं. सिंथ गप्प. संध्याकाळी हे कामावरून आल्यावर यांना खोलीत फिरवलं. गप्प. शेजारच्या काकू डोकावून गेल्या, तरी गप्प. दुसऱ्या दिवशी दुपारी आई दारात आल्या आणि तो पुन्हा कण्हला.

मग ते रोजचंच झालं. दुसऱ्या कुणासाठीही नाही, फक्त त्यांच्यासाठी. मी पाठमोरी असले तरी कोण आलंय ते मला आधी सिंथवरून कळायचं. हे म्हणाले, "अगं, झाकून ठेव ते. नको तो उद्योग." पण मला ते झाकताही येईना. चालू बिघाड तसाच सोडायची मला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत बसायची मला भीती वाटायला लागली होती, म्हणूनही सोडवेना.

आईंनी यांना काही विचारलं नाही. मला विचारलं. भांडी लावता लावता म्हणाल्या, "त्यो माझ्यावर रागावलाय का गं?"

"असं का म्हणता?"

"दुपारचं त्यो वाजवायला बसला की माझी झोप मोडायची. म्या हितनं वरडायची, गप रे, बास कर. लगीच बंद करायचा. कवा उलटून बोलला न्हाई." हातातलं ताट फळीवर ठेवून त्या म्हणाल्या, "आता मला बगून वरडतोय."

दुसऱ्या दुपारी त्या मुद्दाम खोलीत आल्या. मी टेबलाशी होते. सिंथने सूर धरला आणि त्या जवळ येतील तसा चढवत नेला. आई खोलीच्या मधोमध थांबल्या. भिंत लांब होती, कडी लांब होती, त्यांचा हात कशालाही लागलेला नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, "गप रे. बास कर."

सूर कापल्यासारखा थांबला.

खोलीत फक्त सिंथमधल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण उरली. आईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळल्या, बाहेर जाताना कडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ही कडीबी मेली चावती मला," असं पुटपुटत निघून गेल्या.

मग ते शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं.

कडी चावते. कंपनीत आम्ही बोर्डाला हात लावण्याआधी मनगटाला पट्टा बांधतो, त्याची वायर जमिनीत गेलेली असते. चालताना अंगावर वीज साठते आणि नाजूक भाग त्याने मरतो. कोरड्या थंडीत ती जास्त साठते आणि नायलॉनच्या कपड्यांनी तर फारच. मी सुती घालते, घरात अनवाणी फिरते. हेही अनवाणीच. आईंच्या सगळ्या साड्या नायलॉनच्या, कारण धुवायला सोप्या, आणि गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना घरातही रबरी चप्पल घालायला लावलेली. सिंथमध्ये पट्टीकडून येणारी एखादी तार आत कुठेतरी सुटून अधांतरी राहिली असेल, तर अंगावर वीज घेऊन चालत येणारं माणूस तिला लांबूनच जाणवेल. माणूस जवळ येईल तसा सूर चढेल. त्याने लोखंडी कडी धरली की वीज उतरेल आणि सूर बंद.

एवढा अंदाज पुरेसा नव्हता, करून बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्या होत्या. मी त्यांनी सकाळी बदललेली निळी साडी नेसले, त्यांची चप्पल पायात घातली. व्हरांड्यातून त्यांच्यासारखीच पाय घासत गेले आणि उंबरा ओलांडला.

सिंथने हाक दिली.

कारण मला माहीत होतं. प्रत्येक पायरी मीच मांडली होती. तरी मानेवरचे केस उभे राहिले. मी एक पाऊल पुढे टाकलं, सूर चढला. आणखी एक. त्या साडीला आईंच्या अंगाचा, बामाचा वास होता, आणि समोरून ते माझ्याकडे बघून कण्हत होतं. मला तिथून पळावंसं वाटलं आणि पाय उचलेना.

"तुला आई समजला त्यो," मागून आवाज आला.

आई दारात उभ्या होत्या, हातात प्रसादाचा द्रोण. मी कशीबशी कडी धरली. चटका बसला आणि आवाज थांबला. मग त्याच साडीत त्यांना खाटेवर बसवून मी सगळं सांगितलं. त्यांचाच प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. त्यांनी लहान मुलीसारखं मन लावून पाहिलं. मग माझी जुनी सुती साडी नेसून, चप्पल काढून त्या आत गेल्या. पार सिंथला हात लावेपर्यंत गेल्या. तो बोलला नाही.

"व्हय, आसंल," त्या म्हणाल्या. "साडीच आसंल." आणि माझी सुती साडी सोडायला बाहेर गेल्या.

पट्टीच्या खालच्या बोर्डावर मला ती तार अधांतरी सोडणारा, चिरलेला रेझिस्टर सापडला. भिंगाखाली धरल्यावरच दिसेल इतकी बारीक चीर. नवा लावला, डाग दिला, सूर जुळवले. नंतर आई नायलॉनची साडी नेसून कितीदा आल्या, सिंथ गप्प राहिला. बिघाड गेला. फक्त एका गोष्टीचा हिशेब मला अजून लागलेला नाही. अंगावरची वीज आपोआप गळते हे खरं, पण ती हळूहळू गळते, सूर विरत जायला हवा. त्या दुपारी आई मधोमध उभ्या होत्या, कशालाही न शिवता, आणि तो त्यांच्या शब्दावर थांबला. चीर नेमकी तेव्हा क्षणभर जुळली असेल, असं मी स्वतःला सांगते. असं होतं कधीकधी. हे मी आईंना सांगितलं नाही.

दुरुस्तीनंतर आई रोज दुपारी त्या खोलीत जाऊन खाटेवर बसायला लागल्या. मी विचारलं, "आता कशाला बसता? आता काही होत नाही ना?"

"म्हून तर," त्या म्हणाल्या. "आधी भ्या वाटायचं. आता लई गप हाय, त्याचं जास्त वाटतं."

एका रविवारी सकाळी ते मित्र सिंथ ऑर्केस्ट्रासाठी न्यायला टेम्पो घेऊन आले. नेण्याआधी त्यांनी उभ्याउभ्या वाजवून पाहिलं. भाऊजी कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावायचे तसाच एक लांब सूर त्यांनी लावला. मला गलबलून आलं. आई दाराशी उभं राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"कसा वाटतो, काकू?" त्यांनी विचारलं.

"चांगला हाय. पर ह्यो तू वाजिवतुयास. ह्यात त्यो न्हाई." त्यांनी आत येऊन सिंथवर हात फिरवला, पदराने त्याची कड पुसली. "न्ये बाबा. हितं ठिवून काय करायचं?"

टेम्पो गेल्यावर खोली फार मोठी दिसायला लागली. आठवड्याने आईंनी आपलं अंथरूण तिथे हलवलं. खिडकीतून वारा चांगला येतो म्हणाल्या. आता दुपारी त्या तिथेच झोपतात. दार मात्र लोटू देत नाहीत. "आसू दे उघडं," म्हणतात, "त्यो आला तर?"