मधल्या खुर्चीतला स्टिरिओ: अमरावती ते अकोला आणि परत

अमरावतीहून अकोल्याला जायला आज फार विचार करावा लागत नाही. सकाळी चहा घेऊन निघालात तर जेवायला अकोल्यात. पण साठच्या दशकातल्या एका वैशाखात मी हाच प्रवास दोन कर्णे, एक पत्र्याची पेटी, एक बहीण आणि एक भागीदार घेऊन केला. त्याची गंमत वेगळी होती आणि धाकधूकही.

मी आणि रहीमभाई मिळून लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचो. रहीमभाई रेडिओ दुरुस्त करण्यात पटाईत, आणि मी बोलण्यात. त्यामुळे दुकान चालायचं. माझी धाकटी बहीण शांता शाळेत मास्तरीण होती आणि गायची फार सुंदर, पण आवाज तिचा नाजूक. आदल्या वर्षी बडनेऱ्यात बुद्धजयंतीला ती पहिल्यांदा मंचावर उभी राहिली. दुसऱ्या कडव्याला मागून बायका ओरडल्या, "ऐकू येऊन नाई राह्यलं!" शांता तिथेच थांबली, नमस्कार केला आणि खाली उतरली. कर्णे माझे, तारा माझ्या, पण मान तिची खाली गेली.

या वर्षी अकोल्याच्या एका वस्तीतून बुद्धजयंतीचं बोलावणं आलं. शांता म्हणाली, "दादा, येतो मी. पण या बारी मागच्या बाईले ऐकू नाई आलं, तर पुन्हा मंचावर चढणार नाई. मंग मले म्हणू नको."

मी त्याच दिवशी ठरवलं, या वेळी स्टिरिओ. अकोल्यातल्या एका दुकानदार शेठजींकडे मुंबईहून दोन चॅनेलचा अँप्लिफायर आल्याचं कानावर आलं होतं. कार्यक्रमापुरता वापरून बघा, पसंत पडला तर ठेवा, असा त्यांचा निरोप होता. रहीमभाईंनी नुसतं "हूं" केलं आणि आमचा जुना अँप्लिफायर पेटीत भरायला घेतला.

"हा कशाला?" मी म्हणालो.

"राहू द्या, प्रल्हादभाऊ. वजन मी उचलतो, तुमाले काय तरास हाय?"

तर निघालो. तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटेच निघा, आमच्यासारखे. नऊनंतर वऱ्हाडातलं ऊन माणसाला ओळख दाखवत नाही. खिशात एक कांदा, डोक्याला दुपट्टा आणि तांब्याभर पाणी, एवढं हवंच. टांग्याने बडनेऱ्याला आलो. कर्णे टांग्याच्या मागे बांधले होते, त्यामुळे रस्त्यात दोघांनी विचारलं की कोणत्या पक्षाची सभा आहे. बडनेऱ्याला पॅसेंजर मिळाली. तिकीट तेव्हा खिशाला जड नव्हतं, पण हमालाने कर्णे बघून भाव वाढवला, म्हणून ते आम्हीच उचलले.

खिडकीबाहेर काळी जमीन नांगरून पडलेली, मधेच एखादं हिरवंगार कडुलिंबाचं झाड. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबते हे लक्षात ठेवा. इथे छोट्या रुळांची गाडी अचलपूरकडे जाते, तिची माणसं चढतात-उतरतात, आणि तेवढ्यात निवांत जेवण होतं. आम्ही शिदोरी सोडली: ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. रहीमभाईंच्या घरून शेवयांचा डबा होता. शांतेने शेवया खाल्ल्या, ठेच्याला हात लावला नाही. गळा जपत होती. मला ते बघून बरंही वाटलं आणि धास्तीही.

अकोल्यात उतरल्यावर थेट दुकान गाठलं. शेठजींनी खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर मांडले होते आणि बरोबर मधे एक खुर्ची. "बैठिये," म्हणाले, "अब सुनो." तबकडी लावली. काय सांगू! गाणारी बाई डाव्या हाताला, तबला-पेटी उजव्या हाताला, जशी माणसं समोर बसलीत. मी डोळे मिटले. असं यंत्र असताना आपण इतकी वर्षं एकाच नळाचं पाणी सगळ्यांना वाटत होतो, असं वाटलं.

रहीमभाई उभेच होते. ते खोलीभर फिरले, भिंतीला टेकले, दाराबाहेर जाऊन आले.

"शेठजी, खुर्ची एकच हाय का?" त्यांनी विचारलं.

शेठजी हसले. मीही हसलो. मला वाटलं, त्यांना बसायचं आहे.

दुपारी उतरण्याच्या घरी कढी-भात खाऊन आडवे झालो आणि ऊन कलल्यावर मैदानावर गेलो. लहानसा मंच, पताका, पाणी शिंपडलेली जमीन. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मधे दोरी ताणलेली: डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, आणि मधे ये-जा करायला वाट. मी तबकडीत ऐकलं होतं तसंच सगळं मांडलं. शांतेचा माईक डाव्या कर्ण्यात, पेटी-तबला आणि कोरस उजव्या कर्ण्यात. एक कर्णा पुरुषांच्या कडेला, दुसरा बायकांच्या कडेला, आणि स्वतः अँप्लिफायर घेऊन बरोबर मधे, वाटेच्या तोंडाशी. रहीमभाईंनी जुना अँप्लिफायर माझ्या शेजारी ठेवून त्यालाही वीज जोडली.

"हा कावून लावला?"

"गरम होऊन राहू द्या."

सूर्य टेकला, वंदना झाली, आणि शांता उठली. पांढरं लुगडं, हातात काही नाही. पहिली ओळ आली आणि मला वाटलं, जिंकलो. डाव्या कानात माझी बहीण, उजव्या कानात पेटी, स्वच्छ. माझ्यापुढे वाटेत एक पिवळं कुत्रं पसरलेलं होतं, तेवढंच काय ते मधे बसलेलं.

बायकांच्या बाजूला चुळबूळ सुरू झाली. मला वाटलं, गर्दी आहे. मग पुढच्याच रांगेतली एक म्हातारी, सगळे तिला सखूमाय म्हणत होते, ती उठून उभी राहिली.

"अवं बाई, तुयं तोंड हालून राह्यलं, पण पेटीच वाजून राह्यली! तू गातं का नाई?"

शांता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. तेच बडनेऱ्याचं तोंड. मला घाम फुटला, कारण मला तर सगळं ऐकू येत होतं!

तेवढ्यात रहीमभाई बायकांच्या कर्ण्याखालून चपला हातात घेऊन पळत आले. कार्यक्रम सुरू झाला की अनवाणी कोपरा न् कोपरा फिरायची त्यांची सवयच होती. "प्रल्हादभाऊ, तिकडं नुसती पेटी हाय. बाईचा आवाज सगळा मर्दाइकडं जाऊन राह्यला. तुमी मधात बसले, तुमाले काय समजते!"

मग कळलं. मधली खुर्ची फक्त माझीच होती. माझी आणि त्या कुत्र्याची.

त्या यंत्रात दोन्ही बाजू एक करायचं बटण नव्हतं. आम्ही नव्या यंत्रातल्या पिना उपसल्या. मैदान एकदम मुकं झालं. जुन्या अँप्लिफायरच्या काचेच्या व्हॉल्व्हना तापायला वेळ लागतो, थंड असता तर सगळा खेळ तिथेच आटोपला असता. पण तो अर्ध्या तासापासून तापून बसला होता. मी माईक लावत होतो, रहीमभाई कर्णे. शांता उतरली तर, एवढंच डोक्यात होतं.

ती उतरली नाही. मंचाच्या काठाशी आली आणि माईकशिवायच म्हणाली, "थांब माय. दादा तार जोडून राह्यला. मी कुठी जात नाई."

दोन्ही कर्णे एकदम जिवंत झाले. तिने पहिल्यापासून धरलं. आवाज साधा, एकजीव, इकडेही तोच आणि तिकडेही तोच. मी या वेळी जागा सोडली आणि बायकांच्या बाजूच्या अगदी शेवटी, दोरीबाहेर जाऊन उभा राहिलो. दुसरं कडवं आलं. ध्रुवपदाला शेवटच्या रांगेतल्या, पोरं मांडीवर घेतलेल्या बायकांनी सूर उचलला. मी डोळे पुसले, धूळ वगैरे काही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र शेठजींना परत केलं. "पसंद नहीं आया?" त्यांनी विचारलं.

"फार पसंत पडलं," मी खरं तेच सांगितलं. "पण आमच्याकडे मधे कोणी बसत नाही."

परतीच्या गाडीत शांता ठेच्याबरोबर दोन भाकरी जेवली. घरी पोहोचलो तर अचलपूरचा माणूस ओट्यावर वाट बघत होता, पुढच्या महिन्यात कार्यक्रम होता. मी शांतेकडे बघितलं. तोंड उघडायच्या आत तीच त्याला म्हणाली, "येतो. बाया कोण्या बाजूनं बसतेत, तेवढं आधी सांगा."

आज माझ्या घरी उत्तम स्टिरिओ आहे, एकट्याने ऐकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण कुठल्याही सभेत गेलो की माझे पाय आपोआप शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात जातात. तिथे उभा राहून मी आधी ऐकतो, आणि मगच बसतो.