मयताविना हेल

मनकर्णेसारखा हेल घोडेगावच्या आसपास दुसऱ्या कुणा बाईला जमत नव्हता. हेल म्हणजे मयताजवळ बसून बायका सूर लावून रडतात, तो. नुसतं रडायला काय, कुणीबी रडतं. हेलात मेलेल्याचं नाव यावं लागतं, त्याचं खाणं, त्याचा राग, त्यानं रचलेला बांध, सगळं एकेक करून बाहेर पडावं लागतं. मनकर्णेनं पदर सारून पहिला सूर काढला की पारावरचे गडी हातातली विडी विझवायचे.

ही विद्या तिला सासूनं, भागूबाईनं दिलेली. सहादेव, म्हणजे भागूबाईचा एकुलता एक ल्योक आणि मनकर्णेचा नवरा, साप डसून गेला त्या दिवशी म्हातारीचा गळाच बंद झाला. मग तिनं सुनेला मयताच्या उशाला बसवलं आणि मागून तिच्या कानात एकेक शब्द सोडत राहिली. “रिकामी घागर रं माज्या धन्या, आता भरून ठिवू कुनासाठी?” हे तेव्हाचं. गाव ते विसरलं नाही.

म्हातारीचं म्हणणं एकच होतं. म्होरं मयत नसताना हेल काढायचा नाही. रिकामा काढलेला हेल माघारी जात नाही, मयत हुडकत गावात फिरत राहतो.

“आन् माजा तू काढायचा,” ती सुनेला म्हणायची. “मला लेक न्हाई, भन न्हाई. मुकी नगं धाडू मला.”

“न्हाई धाडत आत्याबाई. आदी मरा तर खरं.”

“मरते की. तुला लई घाई दिसती.”

दोघी हसायच्या. घरात दुसरं माणूस नव्हतं, म्हणून हसायलाबी दोघीच.

एकाहत्तर सालच्या निवडणुकीला बन्सी घरी आला. हा सहादेवाचा चुलतभाऊ, जीपला भोंगा बांधून तराजू निशाणीवाल्यांचा प्रचार करत हिंडत होता. ओसरीवर टेकला आणि टोपीनं वारा घेत म्हणाला, “रस्ते करू, शाळा काढू म्हनलं की लोकं जांभया देत्यात, वैनी. भ्या घातलं की जाग्यावर बसत्यात. तुजी ती रिकामी घागर पायजे मला.”

“ती दादल्याची हाय, भावजी.”

“दादल्याचं नाव गाळायचं आन् पान्याचं घालायचं. सायकल निशाणीवाला निवडून आला तर कालव्याचं पानी वरच आडवनार, हिरी आटनार. मी सांगितलं तर थाप वाटंल. तू रडून सांगितलंस तर खरं वाटंल.”

म्हातारी आतून म्हणाली, “मयत कुटं हाय?”

“मयत न्हाई काकू, इलेक्शन हाय.”

“मग ती रडायची कुनाला?”

बन्सीनं टोपी डोक्यावर चढवली. त्यानं पावसाआधी रान नांगरून द्यायचं कबूल केलं. घरात औत धरणारा गडी नव्हता. मनकर्णा गेली.

घोडेगावच्या बाजारात जीप उभी राहिली आणि भोंग्यातनं हेल निघाला. “रिकामी घागर गं बया, लेकराला काय पाजू? सायकलीनं पानी पळीवलं, मी कुनाच्या दारी जाऊ?” उपरण्याखाली बोटं धरून बैलांचा सौदा करणारे तसेच थांबले, बोटं तशीच. एका पोटुशी बाईनं कानावर पदर दाबला. कोण मेलं, कोण मेलं, करत माणसं जीपकडं पळत आली. मेलं कुणीच नव्हतं. तरी कुणी हसलं नाही.

तराजू निवडून आला. रान नांगरून झालं.

वर्षानं पुन्हा निवडणूक लागली, आमदारकीची. औंदा बन्सी सायकलवाल्यांच्या बाजूनं होता. येताना त्यानं एक पेटी आणली होती, वर दोन चक्रं आणि त्यांच्यावर तपकिरी फीत.

“तेच म्हन. फकस्त आता तराजूनं पानी इकलं, आसं घाल.”

“आवं, गेल्या साली मीच सायकलीचं नाव घेतलं. लोकं शेन घालतील तोंडात.”

“नाव लोकांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, वैनी. भ्या ऱ्हातं.”

ती पेटीसमोर बसून रडली. बन्सीनं चक्रं उलटी फिरवून परत सोडली, तशी पेटीतनं तिच्याच आवाजात एक बाई रडायला लागली. मनकर्णेनं तोंडावर हात ठेवला. आत रडणं थांबलं नाही.

त्या फितीला कुणाला बोलवायला नको, कुणाचं रान नांगरायला नको. जीप गावोगाव फिरायची आणि ती बाई रडायची. एकदा जीप घरावरनं गेली तेव्हा मनकर्णा चुलीपुढं भाकरी थापत होती. भागूबाईनं दाराकडं बघितलं, मग सुनेच्या मिटलेल्या तोंडाकडं.

“तू तर हितं हायेस,” म्हातारी म्हणाली. “मग त्ये कोन रडतंय?”

त्या साली पाऊस पडलाच नाही. तराजूचं, सायकलीचं, कुणाचंच पाणी राहिलं नाही. विहिरींचा तळ दिसायला लागला. पाणवठ्यावर मनकर्णा आली की बायका बोलायच्या थांबायच्या. रंगुबाई मात्र तोंडावर म्हणाली, “गावभर फिरून बलावलंस, मग दुस्काळ येनारच की.” पोरं फुटक्या मडक्याचा भोंगा करून तिचा हेल काढायची आणि एकमेकांच्या अंगावर पडून हसायची.

ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. हातोडीच्या ठोक्यात तिला तेच ऐकू यायचं, रिकामी घागर, रिकामी घागर. शेजारी कुणी खोकलं की तिचा हात थांबायचा. हेल कुणाच्या दारात जाऊन बसतोय, एवढंच ती बघत होती.

तो तिच्याच दारात आला. म्हातारीचं खाणं तुटलं. ती अंथरुणाला लागली तरी डोकं साफ होतं.

“मला हुडकत आलाय त्यो,” एका दुपारी ती म्हणाली. मनकर्णा रडायला लागली तशी तिनं हटकलं. “आत्ता नगं. ठिवून दे. आन् माजा निराळा काढ, मने. त्यो उष्टा नगं.”

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी भागूबाई गेली. बायका गोळा झाल्या. मनकर्णा उशाला बसली, पदर सारला, सूर लावला.

“रिकामी घागर गं बया...”

ती थांबली. परत सूर धरला. “आत्याबाई” म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “तराजूनं पानी इकलं...”

मागं कुणीतरी फुसकन हसलं आणि पदरात तोंड खुपसलं. तिनं पुन्हा एकदा सूर लावून बघितला. म्हातारीचं खाणं, तिचा राग, तिची बोलणी, सगळं डोळ्यासमोर होतं. जिभेवर नुसती घागर होती. मग तिनं तोंड मिटलं. बाहेर गडी मयत न्यायची ताटी बांधून बसले होते. ऊन चढत होतं. मुकीच निघाली वाटतं म्हातारी, असं कुणीतरी हळू म्हणालं.

मनकर्णा उठली आणि अंगणात बन्सीपुढं उभी राहिली. साखर कारखान्याच्या निवडणुकीसाठी त्याची जीप तीच फीत घेऊन मारुतीपाशी उभीच होती.

“भावजी, माजा हेल तुमच्या पेटीत आडाकलाय. आना इकडं.”

“वैनी, मयताम्होरं इलेक्शनचं लावायचं?”

“तवा मयत नव्हतं. आता हाय.”

बन्सीनं इकडंतिकडं बघितलं. ताटीजवळचे गडी त्याच्याकडंच बघत होते. त्यानं जीप दारात आणली आणि चक्रं सोडली. भोंग्यातली बाई म्हणाली, “रिकामी घागर गं बया, लेकराला काय पाजू?” मनकर्णा मयताजवळ बसून ऐकत होती. मग तो सूर धरून ती मागनं म्हणाली, “आत्याबाई वो, तुमी मला सोताच्या वाटनीचा च्या पाजला.” भोंग्यातली म्हणाली, “मी कुनाच्या दारी जाऊ?” ही म्हणाली, “आत्याबाई वो, मला म्हायेरी धाडलं न्हाई, तुमी म्हनला, ल्योक गेला, तू कुटं चालली?” भोंगा पाण्याचं रडत होता, ही म्हातारीचं. आधी ही मागं होती, मग बरोबरीनं आली. फीत संपून तिचं टोक फटफट आपटायला लागलं तरी हिचा हेल चाललाच होता, ताटी उचलेपर्यंत. रंगुबाई रडली. सगळ्याच बायका रडल्या.

गडी मयत घेऊन वेशीकडं गेले. बन्सीनं पुढच्या गावासाठी फीत परत गुंडाळायला घेतली. चक्रं उलटी फिरली तशी पेटीतनं एक चिरका आवाज निघाला, कुणी रडणं तोंडात माघारी ओढून घेतंय असा.

“भावजी, ती पुसून टाका,” मनकर्णा दारातनं म्हणाली.

“पुसतो की,” बन्सी म्हणाला. “मतदान तेवढं होऊ दे.”

जीप गेली. खालच्या आळीला वळल्यावर ती बाई पुन्हा रडायला लागली. मनकर्णा उंबऱ्यात उभी राहिली आणि आळीतलं कुणाकुणाचं घर भरलेलं आहे, कुठं म्हातारं आहे, कुठं तान्हं आहे, ते आठवत राहिली.